पालथा

आठ महिने मी खुब्यालाच धरून होतो.
महानारायण तेल, मिठाची पुरचुंडी,
फडक्यात गुंडाळलेली गरम वीट,
शेजारच्या कर्णिकांनी आग्रहानं दिलेला चुंबकाचा पट्टा.
फोटो काढला. खुबा निर्दोष निघाला,
थोडा झिजलेला, वयाला शोभेल इतका.
मग रात्री कूस बदलताना ओरडतो कोण?

ऐरोली, पिठाच्या गिरणीवर पहिला मजला.
खाली दळण, वर आम्ही.
टेबल बारीक थरथरत असतं.
मढवी मॅडम असतील सत्तावीस-अठ्ठावीसच्या.
म्हणाल्या, गुप्ते काका, खुब्याला मी हात लावणार नाही.
पालथे झोपा.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, तसा पडलो.
टेबलाला तोंडापुरतं भोक.
त्यातून दिसतात त्यांच्या निळ्या चपला,
एक तडकलेली फरशी
आणि उडून आलेल्या पिठात वाट काढणारी मुंगी.
अंगठा एकेक मणका उतरतो.
इथे? नाही.
इथे? नाही.
शिरगणतीला दार न उघडणाऱ्या घरासारखा मी नाही नाही म्हणत राहतो,
आणि कमरेत, शेवटून दुसऱ्या मणक्यावर
अंगठा टेकतो,
तर बोलतो खुबा.

"चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीत, काका.
काम काय करायचात?"

ड्राफ्ट्समन. बेलापूरला. बत्तीस वर्षं.
तिरप्या बोर्डावर ओणवा, भार उजव्या पायावर,
ट्रेसिंगवरची शाई वाळेपर्यंत श्वास धरून.
चुकलं तर ब्लेडनं हलकेच खरवडायचं.
रस्ते काढले, नाले काढले, सेक्टरांचे आकडे घातले.
आमच्या कागदावर खाडी म्हणजे तुटक रेघ,
गाव म्हणजे तिरप्या रेघांनी भरलेला तुकडा,
त्याला वळसा घालायचा,
जमलं तर.

"कुठला भाग?" अंगठा थांबलेला नाही.
हाच, मी म्हणालो. दिवा, ऐरोली, घणसोलीपर्यंत.
"आमच्या आज्याचं मिठागर होतं इकडे खाडीला.
आता कसलंसं गोदाम आहे त्यावर.
आजा मरेपर्यंत पाय चोळायचा.
मिठात उभं राहून राहून, म्हणायचा.
मिठात उभं राहणं सुटून तर वीस वर्षं झालेली.
श्वास सोडा, काका."

सोडला.
भोकात तोंड घातलेल्या माणसानं काही म्हटलं
तर ते फरशीला ऐकू जातं.
ती रेघ माझी होती की पलीकडच्या बोर्डावरच्या टिपणीसची,
खरंच आठवत नाही.
शाईची बाटली एकच होती.

दर दोन तासांनी दहा वेळा, त्यांनी लिहून दिलं.
पालथं पडा, हातांवर छाती उचला,
कंबर सैल, मेल्यासारखी.
"दुखणं वर सरकलं, कंबर जास्त ठणकली, तर घाबरू नका.
ते घरी यायला निघालंय समजा.
खाली उतरलं तर मात्र फोन करा."

दिवाणखान्यात सतरंजीवर मी मगर.
कुमुद शेजारी बसून तुरीचे दाणे सरकवते.
आठवर दहा म्हणते कधी कधी, दया येऊन.
मी जुनं पेन धुतलं, रक्त आल्यासारखी आधी
वाळलेली शाई निघाली.
मग स्वतःची पाठमोरी आकृती काढली आणि रोज हद्द आखली,
तारीख घालून:
सात तारखेला मांडीची बाहेरची बाजू.
बाराला खुबा.
एकोणीसला पाकीट ठेवायचो तो खिसा.
तेवीसला पुन्हा खुब्यात, कारण सिलिंडर उचलला
आणि ते मॅडमना सांगितलं नाही.
महिनाअखेर कमरेत मधोमध, रुपयाएवढं.

कागद दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या.
"रेघ छान आहे तुमची," म्हणाल्या,
आणि घडी न घालता
परत दिला.

पालथा झालो.
खाली कुणाची तरी बाजरी पडली, टेबल थरथरलं.
इथे?
हो, म्हणालो. इथे.